अठरावे लागणे आणि अठरा पूर्ण होणे

आमच्या शेजारी एक शिक्षक राहतात. निवृत्तीला सहा वर्षे उरली आहेत, घराचे कर्ज नुकतेच फिटले आहे आणि धाकटा मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेला आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांनी एक जुनी, पण सुस्थितीतली मोटार घेतली. पेढे द्यायला आले तेव्हा सर सहज म्हणाले, "धाकट्याला आता अठरावे लागले. तोच चालवील. आमचे कसले आता वय शिकायचे!" विम्याचे काय केलेत, असे विचारताच ते निश्चिंत मनाने उत्तरले, "फुल इन्शुरन्स आहे. काळजीच नको."

वाहनविम्याविषयी आपल्या मध्यमवर्गात जे अज्ञान आहे ते बहुतेक सगळे या दोन उद्गारांत सापडते. मराठीत 'अठरावे लागते' तेव्हा मुलाची सतरा वर्षे पूर्ण झालेली असतात. कायद्याला मात्र अठरा पूर्ण व्हावी लागतात. बोलण्यातला हा वर्षाचा फरक सोयरीक जुळवताना खपून जात असेल. मोटारीच्या चाकामागे तो खपत नाही. आणि 'फुल' या शब्दाने मनाला जो दिलासा मिळतो, तो विमापत्राच्या आत डोकावल्यावर फारसा टिकत नाही.

हप्ता काही बोलत नाही

विमा उतरवायला गेल्यावर मोटारीचे इंजिन किती क्षमतेचे, ती कोणत्या साली तयार झाली, कोणत्या शहरात नोंदलेली आहे, हे पाहून हप्ता सांगितला जातो. ती पंचावन्न वर्षांचे वडील चालवणार की अठरा वर्षांचा मुलगा, याने त्या आकड्यात सहसा फरक पडत नाही. तृतीय पक्ष विम्याचे, म्हणजे ज्याला आपण 'थर्ड पार्टी' म्हणतो त्याचे, दर तर सरकारच अधिसूचनेने ठरवून देते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात हजार ते दीड हजार सी.सी.च्या खासगी मोटारीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि ७५ ते १५० सी.सी.च्या दुचाकीला ७१४ रुपये असा, कर सोडून, दर होता. त्या दरपत्रकात चालकाच्या वयाला रकानाच नाही.

ज्यांची भावंडे इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झाली आहेत त्यांनी याच्या नेमकी उलट तऱ्हा ऐकली असेल. तेथे घरातला मुलगा गाडी चालवू लागला की त्याचे नाव विमा कंपनीला कळवावे लागते आणि कुटुंबाचा हप्ता एकदम चढतो. अमेरिकेतल्या अनेक कंपन्या परीक्षेत चांगले गुण मिळवणाऱ्या मुलाला हप्त्यात सवलत देतात. ब्रिटनमध्ये गाडीत एक यंत्र बसवून पोराच्या वेगाची आणि ब्रेक मारण्याची नोंद घेतात व त्यावरून दर ठरवतात. तो भार मध्यमवर्गाला जाचतो, यात शंका नाही. पण त्या चढ्या आकड्यातून बापाला एक गोष्ट कळून चुकते : नवशिक्या पोराच्या हाती गाडी देणे ही धोक्याची गोष्ट आहे, आणि त्या धोक्याला किंमत आहे.

आपल्याकडे हप्ता मुका आहे. तो स्वस्त आहे ही चांगलीच गोष्ट. कारकुनाच्या पगारात तो बसतो. मात्र स्वस्त हप्त्याचा अर्थ धोका कमी, असा लावता येत नाही. जो प्रश्न परदेशात विमा कंपनी विचारते, तो येथे वडिलांनी स्वतःला विचारायचा असतो. विमा निवडायचा म्हणजे कोणती कंपनी दोनशे रुपये कमी घेते हे शोधायचे नव्हे. आपला मुलगा गाडी घेऊन बाहेर पडला तर कोणाकोणाचे काय होऊ शकते, आणि त्यातले कोण या कागदाच्या छत्राखाली येते, हे पाहायचे. रस्त्यावरचा परका, शेजारी बसलेला मित्र, स्वतः मुलगा आणि गाडीचा पत्रा असे चौघे या हिशेबात येतात. आपण बहुधा शेवटापासून मोजायला लागतो आणि पहिल्यापर्यंत पोचतच नाही.

रस्त्यावरचा परका

वाहनाचा विमा सक्तीचा झाला तो मालकाच्या भल्यासाठी नव्हे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातले सक्तीच्या विम्याचे प्रकरण १९४६ साली अमलात आले आणि पुढे १९८८ च्या कायद्यात ते कायम राहिले, ते रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसासाठी. गाडीच्या धडकेत त्याचा जीव गेला तर त्याच्या बायकामुलांनी मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहू नये, एवढाच त्यामागचा विचार. म्हणून मृत्यू किंवा शारीरिक इजा यांबाबत या विम्यातून मिळणाऱ्या भरपाईला कमाल मर्यादा नाही.

ही भरपाई किती होते, याची आपल्याला कल्पना नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ सालच्या निकालांत तिचे गणित ठरवून दिले आहे. समजा, पस्तीस वर्षांचा, कायम नोकरीतला, महिना चाळीस हजार मिळवणारा गृहस्थ मृत्युमुखी पडला. मागे पत्नी आणि दोन मुले. भावी पगारवाढीपोटी निम्मी रक्कम मिळवून साठ हजार धरायचे. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा करायचा. उरले महिना चाळीस हजार, वर्षाचे चार लाख ऐंशी हजार. पस्तिसाव्या वर्षाचा गुणक सोळा. गुणाकार होतो ७६ लाख ८० हजार. त्यावर अंत्यविधी वगैरेंची किरकोळ रक्कम आणि निकाल लागेपर्यंतचे व्याज. आमच्या सरांचे सारे निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी आणि नुकतेच कर्जमुक्त झालेले घर एका पारड्यात घातले तरी दुसऱ्या पारड्याशी ते बरोबरी करील की नाही, सांगवत नाही.

विमा आहे तोवर हा डोंगर कंपनी उचलते. पण तिची एक अट आहे : गाडी चालवणाऱ्यापाशी वैध परवाना हवा. परवाना नसलेल्याच्या हाती मालकाने गाडी जाऊ दिली असे सिद्ध झाले, तर काय होते? मृताच्या कुटुंबाला वाऱ्यावर सोडता येत नाही, म्हणून न्यायाधिकरण सामान्यतः कंपनीला आधी पैसे भरायला लावते आणि मग ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ सालच्या तीन न्यायमूर्तींच्या निकालानंतर ही रीत दृढ झाली. म्हणजे कागद असतो, कंपनी असते, भरलेला हप्ता असतो, आणि तरीही शेवटी वसुलीची नोटीस वडिलांच्या दारात येते.

यावर एक ठरलेले उत्तर असते : "मी दिलीच नव्हती, त्यानेच किल्ली घेतली." २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हेच उत्तर आले होते. मालकाचा अल्पवयीन पुतण्या मोटारसायकल घेऊन गेला, अपघातात एका माणसाचा जीव गेला, आणि आपल्याला न विचारता किल्ली नेली, असे मालक सांगत होता. न्यायालयाने ते मानले नाही. किल्लीचा गैरवापर होणार नाही, ही काळजी घेणे मालकाचे काम आहे, असे ठरले आणि कंपनीचा वसुलीचा अधिकार कायम राहिला. आपल्या घरांत किल्ल्या दाराजवळच्या खिळ्याला टांगलेल्या असतात. त्या खिळ्याची जबाबदारी अशी मोठी आहे.

ही झाली पैशाची बाजू. १ सप्टेंबर २०१९ पासून फौजदारी बाजूही कडक झाली आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण योग्य खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भारही पालकावरच आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या महागड्या परदेशी मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा आपण सारे संतापलो. श्रीमंतांच्या मस्तीविषयी पुष्कळ बोललो. तो संताप रास्तच होता. पण अकरावीच्या वर्गातली मुले साधारणपणे सोळा वर्षांची असतात, आणि त्यांच्या महाविद्यालयांच्या आवारात ओळीने लागलेल्या दुचाकी श्रीमंतांच्याच असतात असे नाही. सोळाव्या वर्षी कायदा फक्त पन्नास सी.सी.पर्यंतची, गिअर नसलेली दुचाकी चालवू देतो. त्या आवारातल्या बहुतेक स्कूटर शंभर सी.सी.च्या वरच्या असतात.

शेजारी बसलेला मित्र

अठरा पूर्ण झाली, शिकाऊ परवाना झाला, चाचणी देऊन पक्का परवानाही हाती आला, असे समजू. मुलगा गाडी काढतो तेव्हा सहसा एकटा जात नाही. मित्र बरोबर असतात. सिंहगडला जायचे असते, कोणाच्या तरी वाढदिवसाला जायचे असते. या मित्राचे काय?

सर्वांत स्वस्त असे जे नुसते तृतीय पक्ष विमापत्र, त्यात तो बसत नाही. दुचाकीवर मागे बसलेला माणूस अशा विमापत्राखाली येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले. मोटारीत फुकट नेलेल्या प्रवाशाची गतही तीच. सर्वसमावेशक, म्हणजे 'पॅकेज' विमापत्रात मात्र मोटारीतले प्रवासी आणि दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती यांचा समावेश असतो, असे विमा नियामकाने २००९ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे.

जुन्या गाडीला सर्वसमावेशक विमा कशाला, असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे फक्त गाडीची उतरलेली किंमत असते. जुन्या पत्र्यासाठी ते पैसे कदाचित वायाही जात असतील. पण ज्या गाडीतून शेजाऱ्याचा मुलगा आपल्या मुलाशेजारी बसून जाणार आहे, तिच्यासाठी तेच पैसे सार्थकी लागतात. तरुण मुलगा गाडी चालवणार असेल, तर नुसत्या तृतीय पक्ष विम्यावर समाधान मानू नये, असे मला वाटते ते मुख्यतः या कारणासाठी.

स्वतः मुलगा

आता जी गोष्ट सांगायची आहे ती ऐकून आमचे सर बराच वेळ गप्प बसले होते. मोटारीच्या विम्याबरोबर मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. २०१८ साली ही रक्कम वाढवली गेली. त्यापूर्वी ती मोटारीला दोन लाख आणि दुचाकीला एक लाख होती. घरोघरी अशी समजूत आहे की गाडी चालवणारा जो कोणी असेल त्याला हे पंधरा लाख लागू होतात. तसे नाही. ते ज्याच्या नावे गाडी आणि विमापत्र आहे, आणि ज्याच्यापाशी परवाना आहे, त्या मालकासाठी आहेत. वडिलांच्या नावची गाडी मुलगा चालवत असेल, तर ते त्याला मिळतीलच असे गृहीत धरता येत नाही. आमच्या सरांना तर स्वतःलाच गाडी चालवता येत नाही, परवानाही नाही. म्हणजे त्या घरात त्या रकमेचा धनी कोणीच नाही.

दुसऱ्या गाडीच्या चुकीने अपघात झाला, तर त्या गाडीच्या विम्यातून मुलाला भरपाई मिळते. पण चूक त्याची स्वतःचीच असेल, तर? ज्याने मालकाची गाडी मागून घेतली तो मालकाच्याच जागी उभा राहतो आणि तिऱ्हाइताच्या नात्याने त्याच गाडीच्या विम्यावर हक्क सांगू शकत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०२० या दोन्ही सालांच्या निकालांत घेतली आहे. ज्याच्यासाठी गाडी घेतली, ज्याच्या नावाने पेढे वाटले, तोच नेमका छत्राबाहेर राहतो.

उपाय महाग नाहीत. मुलाच्या नावे स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घेता येतो, आणि तो कोणत्याही गाडीवर, किंबहुना पायी चालतानाही लागू असतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, बँकेत खाते असलेल्या कोणालाही वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण देते. एवढ्यावर थांबू नये, पण एवढेही न करण्याला काही निमित्त नाही. दुचाकी मुख्यतः मुलगाच वापरणार असेल आणि तो सज्ञान असेल, तर ती त्याच्याच नावे नोंदवण्याचाही विचार करावा. मग मालक-चालक तोच ठरतो. अर्थात मालकीबरोबर मालकाची जबाबदारीही त्याच्याकडे जाते, हे त्याला समोर बसवून सांगावे लागेल. वयात आलेल्या मुलाशी बोलण्यासारखा हा विषय आहे.

शेवटी पत्रा

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा हा चौथा आणि खरे तर सर्वांत कमी महत्त्वाचा भाग. आपण मात्र कंपन्यांची तुलना करतो ती याच्यावरून. नवशिक्याच्या हातून भिंतीला घासणे, बंपर फुटणे असले प्रकार व्हायचेच. अशा वेळी तीन गोष्टी ध्यानात असाव्यात. पहिली, साध्या विमापत्रात प्लॅस्टिकच्या आणि रबरी भागांवर निम्मा घसारा कापला जातो. तो टाळणारे 'झीरो डेप्रिसिएशन' हे पूरक संरक्षण पहिल्या दोन वर्षांत उपयोगी पडते, पण त्यावर वर्षात किती दावे करता येतील याची मर्यादा अनेक कंपन्या घालतात. दुसरी, दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत पहिल्या वर्षानंतर वीस टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. दोन-तीन हजारांच्या ओरखड्यासाठी दावा करून ती घालवणे शहाणपणाचे नाही. ही सवलत माणसाची असते, गाडीची नव्हे. म्हणून जुनी गाडी घेताना आधीच्या मालकाची सवलत आपल्याला मिळत नाही. तिसरी, जुन्या गाडीचे विमापत्र चौदा दिवसांच्या आत आपल्या नावे करून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो. तसे न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे 'तीन वर्षे पाहायला नको' असे आपण समजतो. पण गाडीच्या नुकसानीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा असतो, आणि तो कधी संपला हे अपघातानंतर कळते. विमापत्रावरच्या दोन्ही तारखा वेगवेगळ्या वाचाव्यात.

विमापत्रातले चालकाविषयीचे कलम मात्र चारही भागांच्या मुळाशी आहे. वैध परवाना असलेला कोणीही गाडी चालवू शकतो, आणि शिकाऊ परवानाधारकही चालवू शकतो, असे ते सांगते. पण नियम पाळून. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर तांबड्या रंगात 'एल' हे अक्षर हवे आणि शेजारी पक्का परवाना असलेला, प्रसंगी गाडी थांबवू शकेल असा जाणता माणूस हवा. शिकाऊ परवाना मिळाला म्हणून मित्राला शेजारी बसवून महामार्गावर जाणे, हे ते कलम स्वतःच्या हाताने फाडण्यासारखे आहे.

काय करता येईल

हप्त्यात चालकाचे वय धरावे, असे कोणी सुचवील. मला ते तितकेसे पटत नाही. ज्या गावात एस.टी. दिवसातून दोनदा येते तेथे मुलांची दुचाकी ही चैन नसते, आणि चढ्या हप्त्याचा परिणाम विमा न उतरवण्यात झाला तर पुन्हा रस्त्यावरचा परकाच भरडला जाईल. पण मुक्या हप्त्याला थोडी वाचा देता येईल. परवान्याशिवाय चालवल्यास भरपाई मालकाकडून वसूल होईल, मालक-चालकाचे संरक्षण मुलाला नाही, आणि नुसत्या तृतीय पक्ष विम्यात सहप्रवासी नाही, ही तीन वाक्ये प्रत्येक विमापत्राच्या पहिल्या पानावर ठळक मराठीत छापायला कंपन्यांना कितीसा खर्च येईल? आणि महाविद्यालयांनी वाहनतळाचा पास देताना परवाना पाहिला तर त्यासाठी कोणत्या नव्या कायद्याची गरज आहे? शुल्काच्या पावत्या तपासणारे कारकून आणि हजेरी घेणारे प्राध्यापक हे काम उद्यापासून करू शकतात. शिवाय त्यांतले कित्येक जण स्वतः पालक आहेत.

आमच्या सरांपुरते सांगायचे तर त्यांनी त्या दिवशी संध्याकाळी विमापत्र घेऊन पुन्हा फेरी मारली. चष्मा लावून त्यांनी चालकाविषयीचे कलम दोनदा वाचले. मग मुलाला हाक मारून त्याची जन्मतारीख विचारली, जणू ती त्यांना ठाऊक नव्हती. अठरा पूर्ण व्हायला साडेचार महिने होते. त्यानंतर शिकाऊ परवाना, मग किमान तीस दिवस थांबून पक्क्या परवान्याची चाचणी. मुलगा हिरमुसला, पण वाद घालण्याइतका मूर्ख नव्हता.

मोटार सध्या आच्छादन घालून इमारतीच्या आवारात उभी आहे. आठवड्यातून एकदा सरांचा पुतण्या येऊन तिचे इंजिन चालू करून जातो. त्याच्यापाशी परवाना आहे. दाराजवळचा खिळा रिकामा आहे. किल्ली कपाटात, विमापत्राच्याच पाकिटात ठेवलेली आहे.